आठ पाटांची नावं

स्पेनमधल्या वॅलेन्सियाला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं विचारलं, "आई, आज काय बघायचं?" तिच्या मनात समुद्रकिनारा होता, शिवाय ते पांढऱ्याशुभ्र हाडांच्या सापळ्यासारखं दिसणारं नवं विज्ञान संग्रहालय. मी विचारलं, "आज वार कोणता?"

"गुरुवार."

"मग बाराच्या आत मोठ्या चर्चच्या दारात."

ती दीड वर्षापासून तिथं शिकत होती. दर गुरुवारी त्या दारात काहीतरी असतं, गर्दी जमते, एवढं तिला ठाऊक होतं. पुण्याहून निघताना या सगळ्या प्रवासातली हीच एक गोष्ट मी मनात पक्की धरून ठेवली होती. बाकीचं काय दिसेल ते दिसो. स्पॅनिश शिकायला लागले तेव्हा एका धड्यात चार ओळींत या न्यायालयाचा उल्लेख आला होता. पाण्याचं न्यायालय. शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांसाठी चालवलेलं, वकील नसलेलं, दर गुरुवारी उघड्यावर बसणारं. त्या चार ओळी वाचताना मला आजोबा दिसले होते. हातात कंदील, खांद्यावर फावडं, धोतराचा काचा वर खोचलेला.

साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं माझं आजोळ. आजोबा गावचे पाटकरी होते. ज्यांनी फड बागायत पाहिली नाही त्यांना थोडं सांगायला हवं. धुळे, नंदुरबार आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर गावांनी आपापले दगडी बंधारे बांधले. बंधाऱ्यातून पाट काढला, पाटातून चाऱ्या. भिजणाऱ्या जमिनीचे मोठे तुकडे पाडले, ते फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पुढच्या वर्षी ते दुसऱ्या फडात फिरणार. ऊस या फडात असला की गहू त्या फडात. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात, त्यामुळे वरच्याला भरपूर आणि शेवटच्याला कोरडं, असं व्हायला वावच कमी. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, शेतकऱ्यानं स्वतः बारं फोडायचं नाही. राखणीला जागल्या. भांडण झालं तर पंच. ही रीत तीनचारशे वर्षं चालली. आजोबांना सुगीला धान्य मिळे, वर गुऱ्हाळातून गुळाची ढेप.

पाच मिनिटं कमी असताना आम्ही चौकात पोचलो. चौकाच्या मधोमध एक कारंजं आहे. त्यात एक दांडगा दाढीवाला पुरुष ऐसपैस पहुडलेला, आणि त्याच्याभोवती घागरीतून पाणी ओतणाऱ्या आठ मुली. तो पुरुष म्हणजे तूरिया, वॅलेन्सियाची नदी. आठ मुली म्हणजे तिच्यातून काढलेले आठ पाट. आपल्याकडे गंगा, गोदा, कृष्णा सगळ्या आया. इथं नदी बाप आणि पाट त्याच्या लेकी. मला ही कल्पना फार आवडली, कारण पाट खरोखर लेकीसारखाच असतो. एका घरून निघतो आणि दुसऱ्यांची शेतं पिकवतो.

मिगेलेते नावाच्या मनोऱ्यावरून बाराचे ठोके पडले. समोरच्या इमारतीतून आठ माणसं चालत आली. अंगात गुडघ्यापर्यंत पोचणारे काळे, सैल डगले. हा त्यांचा जुना शेतकरी पोशाख. एरवीच्या कपड्यांवरून तो चढवलेला दिसत होता, पायांत रोजचे बूट. चर्चच्या प्रेषितांच्या दरवाजासमोर लाकडाच्या आणि चामड्याच्या खुर्च्या गोलात मांडलेल्या, भोवती लोखंडी कठडा. कुणी न्यायशास्त्र शिकलेलं नाही. स्वतःची जमीन स्वतः कसणारा असावा, भाऊबंदांत इमानदार म्हणून नाव असावं, आणि आपल्या पाटावरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेला असावा, एवढीच पात्रता. त्यांना सिंदिक म्हणतात.

त्यांच्याबरोबर एक पुकारणारा असतो. त्याच्या हातात पितळी आकडा बसवलेली काठी. पाटात वाहून आलेला काडीकचरा ओढायला असा आकडा लागतो. आजोबांकडे बाभळीच्या दांड्याला विळा बांधलेला असे, काम तेच. अध्यक्षांची परवानगी घेऊन तो दाराकडे वळला आणि मोठ्या, स्वच्छ आवाजात त्यानं पुकारा केला:

"देनुन्सियात्स दे ला सेकिया दे क्वार्त!"

क्वार्तच्या पाटावरचे कुणी आरोपी असतील तर पुढे या. तो थांबला. दोनशे माणसांच्या गर्दीत चिटपाखरू हललं नाही. मग पुढचं नाव. बेनाजेर इ फाइतानार. तोर्मोस. मिस्लाता. मेस्ताया. फावारा. रास्कान्या. रोवेया. प्रत्येक नावानंतर तेवढंच थांबणं. कुणी पुढे आलं नाही. आठवं नाव झालं, सिंदिक उठले आणि आले तसे रांगेनं परत गेले. जेमतेम पाच मिनिटं. फोटो काढायला आलेले काही जण एकमेकांकडे बघू लागले. "झालं?" लेकीनं विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढं काही बोलली नाही, कारण मी रडत होते.

मेस्ताया हे नाव फुटबॉल बघणाऱ्यांना माहीत असेल. वॅलेन्सिया संघाचं मैदान त्याच नावाचं आहे, आणि मैदानाला ते नाव शेजारून वाहणाऱ्या पाटावरून मिळालं. हजारो लोक शनिवार-रविवारी ज्याच्या नावानं ओरडतात तो मुळात एक पाट आहे.

माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. सत्तरीच्या पुढचे, बोटांच्या पेरांत काळी माती मुरलेली. त्यांनी मला रुमाल दिला आणि कुठून आलात विचारलं. मी माझ्या पुस्तकी स्पॅनिशमध्ये सांगितलं, भारतातून. माझे आजोबा हेच काम करायचे. त्यांना वाटलं मी चुकीचा शब्द वापरला. मी पुन्हा सांगितलं, पाणी वाटायचे, गावाचं. मग ते एकदम मोकळे झाले आणि त्यांच्या भाषेत बोलू लागले. ती भाषा मला येत नव्हती. लेकीला थोडी समजत होती.

त्यांची भाषा वॅलेन्सियन. कॅटलनच्याच गोतातली. ते न्यायालय त्याच भाषेत चालतं. मी चार वर्षं शिकले ती कास्तिलियन, राजधानीची. फ्रँकोच्या हुकूमशाहीत शाळा-कचेऱ्यांतून या भाषेला हद्दपारी होती, पण पाटावर तीच बोलली जात राहिली. आमच्या घरी आजी अहिराणी बोलायची आणि शाळेत गुरुजी आमचं "पानी" सुधारून "पाणी" करून घ्यायचे, त्याची मला आठवण झाली. आजोबांनी पाटाच्या तोंडाशी उभं राहून दिलेली हाक मात्र कुणी सुधारली नाही. "पानी उनं!" ती हाक शिवारात एकाकडून दुसऱ्याकडे जायची आणि माणसं फावडी घेऊन बांधावर यायची.

खटला असला की कसा चालतो ते त्या गृहस्थांनी सांगितलं. पाटाचा राखणदार किंवा शेजारी तक्रार करतो. पाळी नसताना पाणी घेतलं, शेजाऱ्याच्या शेतात पाणी घुसवलं, आपल्या हद्दीतला पाट साफ केला नाही, असल्या तक्रारी. सगळं तोंडी. बोलायची पाळी कुणाची हे अध्यक्ष हातानं दाखवत नाहीत, पाय पुढे करून दाखवतात. नदीच्या एका तीरावरचा आरोपी असेल तर निकाल पलीकडच्या तीरावरचे सिंदिक सुचवतात, म्हणजे शेजारधर्म न्यायाच्या आड येत नाही. निकाल तिथल्या तिथं, आणि त्यावर अपील नाही. हल्ली खटले क्वचित येतात, कारण बहुतेक भांडणं गुरुवारच्या आधीच मिटतात. आपलं नाव चौकात पुकारलं जावं असं कुणाला वाटत नाही.

परंपरेनं या न्यायालयाचा आरंभ 960 च्या सुमाराला, कॉर्दोबाच्या खलिफांच्या काळात मानतात. 2009 मध्ये युनेस्कोनं त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतलं. त्याची मला त्या क्षणी फारशी किंमत वाटली नाही. मी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होते. खटला नसला तरी ते येतात. दर गुरुवारी डगला चढवतात, आठ नावं पुकारतात, उत्तराची वाट बघतात आणि जातात. रीत अशी राहते. आमच्या गावचे पंच मारुतीच्या पारावर बसायचे ते तंटा असला तरच. वर धरण झालं, पाण्याचा हिशेब गावाकडून कचेरीकडे गेला, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याची ताकद त्याचं पाणी झालं. तंटे मग कोर्टात जाऊ लागले. पारावर बसायचं कारण उरलं नाही आणि एकदा बसणं थांबलं तसं सगळंच थांबलं. कुणी बंद केलं नाही. कारण नसतानाही बसायचं असतं, हे आमच्याकडे कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या गृहस्थांच्या शेतावर गेलो. वॅलेन्सियाला लागूनच उत्तरेला आल्बोराया गाव आहे. मेट्रोतून उतरून दहा मिनिटं चाललं की घरं संपतात आणि सपाट, काळसर, आखल्यासारखी शेतं सुरू होतात. या पट्ट्याला ते ओर्ता म्हणतात. आपला मळा. त्या म्हाताऱ्या बाबांचं पीक चुफा. ही जमिनीत धरणारी हरभऱ्याएवढी गाठ असते. ती भिजवून, वाटून, गाळून, साखर घालून थंडगार पांढरं पेय करतात, ओर्चाता. चवीला नारळाचं दूध आणि बदाम यांच्या मधलं काहीतरी. चुफाचं रोप त्यांनी उपटून माझ्या हातात ठेवलं आणि मी चकित झाले. तो लव्हाळा होता. आपल्या नागरमोथ्याचा सख्खा भाऊ. आमच्या उसात हा उगवला की आजी त्याच्या गाठी शोधशोधून काढायची, आणि इथं त्याच कुळातल्या गवतासाठी वाफे ओढले होते, पाटाचं पाणी द्यायची पाळी ठरलेली होती.

पाळी त्या दिवशी त्यांची होती. चारीच्या तोंडाशी एक गंजलेला पत्रा खोबणीत बसवलेला. बाबांनी वाकून तो दोन्ही हातांनी वर ओढला. कुरकुरत तो वीतभर सरकला आणि मग सुटला. पाणी आधी फेसाळत आलं, काटक्या, एक प्लास्टिकचं झाकण, वाळलेली पानं ढकलत. मग स्वच्छ झालं, शांत झालं आणि सरीच्या कोरड्या मातीत शिरताना त्याच्या तोंडाशी बारीक बुडबुडे फुटू लागले. तहानलेल्या जमिनीचा तो आवाज मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. बाबा फावड्यानं एका सरीचं तोंड बंद करायचे, दुसरीचं उघडायचे. मातीचा एक गोळा, त्यावर फावड्याच्या पाठीची एक थाप. थाप मारायची लकब तीच, मनगट किंचित बाहेर वळवून. मी फावडं मागितलं. त्यांनी दिलं. तीन सऱ्या मी भिजवल्या.

तिथंच, बांधावर बसून, त्यांच्या बायकोनं दिलेला भात खाल्ला. पाएया म्हणजे कोळंबी घातलेला पिवळा भात अशी माझी समजूत होती. वॅलेन्सियाच्या माणसाला ती पटत नाही. त्यांच्या पाएयात कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, मोठे पांढरे पावटे, केशर, आणि शहराच्या दक्षिणेच्या आल्बुफेरा सरोवराकाठचा तांदूळ. शक्य तर संत्र्याच्या लाकडाचा जाळ. आणि दुपारीच खायची, रात्री नाही. तळाला लागलेल्या खरवडीला त्यांनी सोकार्रात असं लाडकं नाव दिलंय आणि तिच्यासाठी घरात भांडणं होतात. आमच्याकडे खिचडीच्या पातेल्यातली खरवड आजोबांच्या ताटात जायची.

दुपारी त्यांनी आम्हाला एक गोष्ट बजावून सांगितली. दक्षिणेकडे जाऊन या.

दक्षिणेकडे म्हणजे पुराच्या गावांकडे. 29 ऑक्टोबर 2024 ला वॅलेन्सिया प्रांतात जो पूर आला त्यात सव्वादोनशेच्या आसपास माणसं गेली. आम्ही गेलो तेव्हा सहा महिने उलटले होते. हा पूर समजायला आधीचा समजून घ्यावा लागतो. 14 ऑक्टोबर 1957 ला तूरिया शहरात शिरली, ऐंशीच्या वर माणसं दगावली. तेव्हा सरकारनं नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नव्या, रुंद, काँक्रीटच्या पात्रात नेली. शहराच्या मधलं जुनं पात्र कोरडं पडलं. तिथं मोठा रस्ता करायचा बेत होता. लोकांनी आवाज उठवला, "पात्र आमचं आहे आणि आम्हाला ते हिरवं हवंय." 1976 मध्ये राजानं ते पात्र शहराला दिलं आणि आज तिथं नऊएक किलोमीटर लांबीची बाग आहे. जुन्या दगडी पुलांखालून पाण्याऐवजी मुलं सायकली हाणत जातात. लेक रोज त्याच बागेतून कॉलेजला जाते.

पण 2024 ला पाणी आलं ते पलीकडून. पोयो नावाच्या, एरवी ठणठणीत कोरड्या ओढ्यातून. नव्या पात्रानं शहर वाचलं आणि पात्राच्या दक्षिणेची गावं बुडाली. शहराला ला तोर्रे या वस्तीशी जोडणारा एक पादचारी पूल आहे. पुरानंतरच्या दिवसांत त्या पुलावरून हजारो माणसं, बहुतेक विशी-पंचविशीतली पोरं, झाडू, फावडी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन पायी पलीकडे गेली. त्याला आता लोक एकजुटीचा पूल म्हणतात. माझी लेक त्यांत होती. तेव्हा फोनवर तिनं मला एवढंच सांगितलं होतं, "थोडी मदत केली." पुलावर उभी राहून ती म्हणाली, "आई, एका आज्जीच्या घरातून आम्ही दिवसभर चिखल काढला. तिनं कपाटातनं भिजलेले फोटो काढून खुर्च्यांवर वाळत घातले होते. आम्हाला म्हणाली, त्यांच्यावर पाय देऊ नका." ती मला दारापर्यंत घेऊन गेली. दार बंद होतं. भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीला तपकिरी रेघ होती. लेकीनं ती रेघ तळहातानं पुसून पाहिली. ती पुसली जात नाही.

त्या संध्याकाळी आम्ही फार बोललो नाही.

एक गोष्ट मला वॅलेन्सियात सतत डाचत होती आणि पुढे मायोर्का बेटावर गेल्यावर ती वाढली. हे पाट ज्यांनी खोदले ते लोक कुठं आहेत? अरबांच्या राज्यात मुसलमान शेतकऱ्यांनी या मळ्याची घडी बसवली. 1238 मध्ये अरागॉनचा राजा जाउमे पहिला यानं वॅलेन्सिया जिंकलं आणि फर्मान काढलं की पाणी पूर्वीपासून जसं वाटलं जातं तसंच वाटलं जावं. पाण्याची रीत त्यानं ठेवली. माणसं मात्र पुढच्या राजांनी ठेवली नाहीत. 1609 मध्ये मोरिस्कोंना, म्हणजे ख्रिस्ती होऊनही संशयातच राहिलेल्या मूळच्या मुसलमानांना, वॅलेन्सियाच्या राज्यातून जहाजांत भरून उत्तर आफ्रिकेला हाकललं. राज्याची जवळजवळ एक तृतीयांश वस्ती गेली. गावंच्या गावं ओस पडली. ज्यांच्या पणज्यांनी पाटाचा उतार नजरेनं जोखला होता, त्यांना त्या पाटाचं पाणी पुन्हा दिसलं नाही.

त्यांचे शब्द राहिले. पाटाला आसेकिया, अरबी साकिया. पाणी पाजणं या अर्थाच्या ज्या धातूपासून तो आला त्याच धातूपासून आपल्या गझलेतला साकी आला. रहाटाला नोरिया. साखरेला आसुकार, म्हणजे आपली शर्करा इराण-अरबस्तान फिरून तिथं पोचलेली. वांग्याला बेरेनहेना, त्याचीही वाट संस्कृत वातिंगणापासून फारसी-अरबीमार्गे. आणि संत्र्याला नारांखा. आपलं नारंग. शिवारात उभं राहून मी लेकीला एकेक शब्द सांगत होते आणि ती म्हणाली, "म्हणजे इथं आपण पहिल्यांदा नाही आलो." ही जिभेवरची जुनी ओळख मला आनंद देते, पण तिच्यामागं जहाजांत बसवलेली माणसंही दिसतात, आणि त्यांना विसरून हे शब्द उच्चारू नयेत असं मला वाटतं.

वॅलेन्सियाहून मायोर्का बेटाला रात्रीची बोट जाते. आम्ही डेकवर शाल पांघरून बसलो. पहाटे पाल्मा शहर दिसलं ते समुद्राच्या कडेलाच उभ्या असलेल्या पिवळसर दगडी चर्चमुळे. जाउमे राजानं हे बेट वॅलेन्सियाच्या आधी, 1229 मध्ये घेतलं. चर्च जुन्या मशिदीच्या जागी उभं राहिलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वास्तुकार गाउदीनं त्याच्या आतली मांडणी बदलली. पाल्मा सुंदर आहे. तिथल्या गल्ल्यांतून, आतल्या दगडी अंगणांतून आम्ही दिवसभर फिरलो. पण अनेक सज्जांवर निषेधाची कापडं लटकली होती. पर्यटकांना खोल्या भाड्यानं देण्याच्या नादात तिथल्या पोरांना घरं मिळेनाशी झालीत. ते वाचून मी संकोचले. मीही त्याच गर्दीतली. आम्ही एका आजींच्या घरची खोली घेतली होती, जिथं त्या स्वतः राहतात. त्यानं माझा भार फारसा हलका झाला नाही.

आजींनी आम्हाला बेटाच्या तहानेची गोष्ट सांगितली. 1995 ते 97 या दुष्काळात मुख्य भूमीवरून, एब्रो नदीचं पाणी जहाजात भरून पाल्माला आणावं लागलं होतं. मी म्हटलं, आमच्याकडं 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणी आगगाडीनं नेलं. त्यांनी हातातली कॉफी खाली ठेवली. "आगगाडीनं?" "हो." थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग उठून त्यांनी मला एक जादा टॉवेल आणून दिला आणि मी तो वापरला नाही.

पाल्माहून सोयेरला लाकडी डब्यांची गाडी जाते. 1912 पासून. तेरा बोगद्यांतून डोंगर ओलांडला की एकदम संत्र्यांची दरी उघडते. संत्र्यांच्या पैशावर हे गाव वर आलं. फ्रान्सला फळं जायची, पाठोपाठ माणसंही गेली आणि पैसा मिळवून परत आली, त्यामुळं गावातली घरं थेट फ्रान्सच्या वळणाची.

त्रामुन्ताना नावाची ती डोंगररांग 2011 पासून जागतिक वारसा आहे. ती नुसता निसर्ग म्हणून घेतलेली नाही, माणसांनी घडवलेली भूमी म्हणून घेतलीय, आणि ते बरोबर आहे. उतारावर दगडाला दगड बसवून, चुना-सिमेंट न वापरता, पायऱ्या बांधल्यात. बांधणाऱ्याला मार्जेर म्हणतात. अशा कोरड्या बांधांच्या कलेलाही 2018 मध्ये युनेस्कोनं मान दिला. मार्जेर होणं म्हणजे काय ते एका तरुण मुलीनं दाखवलं, ढासळलेला बांध ती पुन्हा रचत होती. दगड उचलायची, हातात फिरवायची, बसवायची, काढायची, पुन्हा फिरवायची. मागच्या पोकळीत बारीक खडी भरायची, म्हणजे पावसाचं पाणी बांधातून झिरपून जातं, बांध पाडत नाही. "दगड फोडायचा कमी, शोधायचा जास्त," ती म्हणाली. आमच्याकडचे ताली घालणारे बेलदार हेच म्हणत असतील.

शेवटचे दोन दिवस आम्ही बान्यालबुफार या गावी राहिलो. समुद्रावर लटकलेलं गाव. पायऱ्या थेट कड्यापर्यंत उतरतात, आणि दर काही पायऱ्यांवर एक मोठा दगडी हौद. त्याला साफारेच म्हणतात, तोही अरबी शब्द. आणि आपला हौदही अरबीच. वरच्या झऱ्याचं पाणी दगडी पन्हळीतून येतं, पाळीपाळीनं हौदात साठतं, हौदातून खालच्या पायऱ्यांवर टोमॅटो आणि द्राक्षांना. सूर्य मावळायच्या बेतात होता. खालच्या हौदाशी एक माणूस आला, बाही कोपरापर्यंत सारली, हात पाण्यात घातला आणि कापडात गुंडाळलेला बुच ओढून काढला. पन्हळ आधी काळी झाली, मग चमकायला लागली.

मी तिथंच कठड्यावर बसून मामांना फोन लावला. ते अठ्ठ्याहत्तरचे आहेत. तिकडं रात्र झाली होती, टीव्हीचा आवाज येत होता.

"मामा, आपल्या फडांची नावं सांगा ना."

"कसाले व बेटा? फड कुठं राहिले आता."

"नावं तरी सांगा. लिहून घेते."

त्यांनी टीव्ही बंद करायला लावला. घसा साफ केला. "वरला तो आंबाना फड," ते म्हणाले. मी लिहिलं. "मंग वडना फड. मंग नदीकडं उतरतो तो खालना फड." मी वाट बघत राहिले. फड चार होते, हे मला आठवत होतं. मामा गप्प झाले. त्यांचा श्वास ऐकू येत होता. "चौथा..." ते म्हणाले, "चौथा बेटा..." आणि पुन्हा थांबले.

मागून, बहुधा चुलीपाशी असावी, मामीची हाक आली, स्वच्छ आणि मोठी:

"म्हसोबाना!"